सत्तरी ओलांडलीय? सुपर टॉप-अप घेताना एवढं बघा

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींत एक हिशेब फार चालतो: “सरकारचं कार्ड ५ लाखांचं, म्हणून वर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घेतला. झालं!”

सुपर टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारा आरोग्य विमा, आणि डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनी देत नाही ती बिलाची पहिली रक्कम. ऐकायला झकास, पण इथंच फसगत होते. सरकारचं हे आयुष्मान वय वंदना कार्ड ७० वर्षं आणि त्यावरील कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आधार मात्र लागतं. पण ते चालतं फक्त योजनेतल्या दवाखान्यात, आणि तेही ॲडमिट झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आपल्याच खिशातून. रात्री छातीत दुखायला लागलं आणि पोरांनी जवळच्या, योजनेत नसलेल्या दवाखान्यात नेलं, तर कार्ड खिशातच राहणार. बिल ४ लाख झालं तर टॉप-अपसुद्धा दमडी देणार नाही, कारण पहिले ५ लाख तुमचे. म्हणून डिडक्टिबल तेवढंच ठेवा, जेवढे पैसे एफडी मोडून खरंच उभे करता येतील.

आणि ‘सुपर’ शब्द बघूनच घ्या. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो, सुपर वर्षभराची बिलं एकत्र मोजतो. जुना आजार फॉर्मवर लपवू नका. त्या आजाराचा खर्च पॉलिसीतून मिळेपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ते किंवा वय वंदना कार्ड, एकच निवडावं लागतं. खासगी पॉलिसीला तशी आडकाठी नाही.

घराजवळचे कुठले दवाखाने योजनेत आहेत ते १४५५५ या हेल्पलाइनवर आजच विचारा आणि यादी फ्रिजवर चिकटवा.