दिवाळीत गावी पाण्याचा विषय कसा काढायचा

दिवाळीला सगळे गावी जमले की जेवताना पाणी वाचवा वगैरे भाषण नको, कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा भाऊबीजेच्या सकाळी काका-आत्यांना घेऊन विहिरीवर जा, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल गेलंय ते मोजा आणि विचारा की तुमच्या लहानपणी कुठवर असायचं, मग बघा तेच तासभर बोलतात! आणि लगेच काम काढा, कारण ओढा तेव्हा अजून वाहत असतो आणि वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या ओढ्यात आडव्या रचून पाणी अडवणारा तात्पुरता बांध, घालायची हीच वेळ. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, सुतळी बास. जागा अरुंद बघा, गोण्या विटांसारख्या सांधमोड करून, म्हणजे खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशा रचा, माती मात्र काठाची उकरू नका, काठच ढासळतो. पोरं तर हौसेने येतात.