प्रेक्षकाने सही केलेल्या पत्त्याचं पुढे काय करायचं?

चवथीच्या रात्री गोव्यातल्या माशेलच्या एका घरी मी पत्त्यांच्या जादूचे प्रयोग करत होतो. आरत्या आटोपल्या होत्या, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या समोर मुलं मांडी घालून बसली होती. घरच्या आजींनी कॅटमधून बदामाची तिर्री ओढली, मार्कर हातात घेतला आणि विचारलं, "खंय करूं सही?" मग बाळबोध वळणाच्या अक्षरात, अगदी सावकाश, त्यांनी आपलं अख्खं नाव लिहिलं. ती तिर्री चार वेळा कॅटच्या मधोमध गेली आणि चारही वेळा वर आली. टाळ्या झाल्या. मी सवयीने सगळे पत्ते गोळा करून डबीत घालू लागलो, तशा आजी म्हणाल्या, "म्हजें नांव तूं घरा व्हरतलो?" म्हणजे, माझं नाव तू घरी नेणार?

मी तिर्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आरत्यांच्या वहीत ठेवली. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: सही ज्याची, पत्ता त्याचा. नव्याने जादू शिकणाऱ्यांना मी हा नियम हातचलाखीच्याही आधी सांगतो.

मुळात सही घ्यायची कशाला? "ह्याच्याकडे तस्साच दुसरा पत्ता असणार" ही प्रेक्षकाच्या मनातली पहिली शंका असते आणि सहीमुळे ती तिथेच मिटते. १९२२ साली शिकागोमध्ये डाय व्हर्नन या जादूगाराने प्रसिद्ध जादूगार हुदिनीला असंच चकवलं. कोणताही प्रयोग तीनदा पाहिला की आपल्याला उलगडतो, असं हुदिनी सांगत असे. व्हर्ननने त्याच्याकडून पत्त्यावर त्याची आद्याक्षरं लिहून घेतली. पत्ता पुन्हा पुन्हा वर येत राहिला, सात वेळा, पण हुदिनीला उलगडा झाला नाही. समोरच्या माणसाचं अक्षर हाच त्या प्रयोगातला साक्षीदार. म्हणून तो साक्षीदार आपल्या खिशात घालून नेणं मला पटत नाही.

आधीची तयारी

पत्ता द्यायचा तर कॅट अपुरा होणार, हे धरूनच चाला. एकाच छापाचे, एकाच रंगाचे दोन कॅट एकाच वेळी विकत घ्या. पुढच्या खेपेला आणलेल्या कॅटच्या पाठीचा लाल रंग किंचित वेगळा निघू शकतो आणि तो उजेडात लगेच कळतो. एका कॅटने प्रयोग करा, दुसऱ्यातून भर घाला. एका कार्यक्रमात तीनचार पत्ते जातात. उरलेसुरले पत्ते सरावाला कामी येतात.

सहीच्या प्रयोगापुरते राजा, राणी, गुलाम असे बारा पत्ते मी बाजूला काढतो. त्यांच्यावर सहीला जागाच नसते. दुर्रीपासून पंजीपर्यंतच्या पत्त्यांवर नाव मोकळेपणी मावतं.

पेन बारीक टोकाचा परमनंट मार्करच हवा. जेल पेनची शाई गुळगुळीत पत्त्यावर फरपटते, बॉलपेनने खळी पडते. सही झाली की पत्ता कडेने धरून दहापंधरा सेकंद हवेत राहू द्या. आपल्याकडे जुलैत त्याहून जास्त वेळ लागतो. घाई केलीत तर सहीचा उलटा ठसा शेजारच्या पत्त्यावर उमटतो आणि पुढचा प्रयोग बिघडतो. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते सहीसाठी वापरू नका. सॅनिटायझर लावलेला हात फिरला तरी त्यांच्यावरची शाई निघते.

पत्ता देताना

कार्यक्रम संपेपर्यंत थांबू नका. तो प्रयोग संपला की लगेच पत्ता द्या. आधी कोपऱ्यात तारीख आणि गावाचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पाच वर्षांनी कपाटात सापडलेली नुसती सही काही सांगत नाही, पण "फोंडा" आणि तारीख वाचली की संध्याकाळ आठवते.

रीतच अशी असेल की शेवटी पत्ता हातात देता येणार नाही, तर त्या प्रयोगात सही घेऊ नका. सही घेऊन पत्ता लपवला तर प्रेक्षकाच्या मनात नेमकी नको ती शंका उरते.

कोणी आपणहून "तुमच्याकडेच राहू दे" म्हणालं तर जरूर ठेवा. कोणी विसरून गेलं तर पत्ता यजमानांकडे द्या. कचऱ्यात टाकू नका. खाली पडलेली आपली सही त्या माणसाने पाहिली, तर त्याला काय वाटेल?

फाडून पुन्हा जोडलेल्या पत्त्याचा तुकडा प्रेक्षकाकडे असेल, तर तुकडा आणि पत्ता दोन्ही एकाच पाकिटात द्या. लग्नात नवरानवरीच्या दोन सह्या एकाच पत्त्याच्या दोन बाजूंना येतात, तो प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. असा पत्ता दोन काचांच्या फ्रेममध्ये द्यावा, म्हणजे दोन्ही नावं दिसतात.

पोदेराच्या (पाववाल्याच्या) उंड्यातून, म्हणजे गोल पावातून, निघालेला पत्ता तसाच देऊ नका. त्याला पावाचा ओलावा आणि चुरा लागलेला असतो, घरी पोचेपर्यंत मुंग्या लागतात. कोरड्या सुती कापडाने पुसा, टिपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकाचं वजन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पोचता करा. लिंबातून काढलेल्या पत्त्यालाही हाच उपाय.

पत्ता छताला चिकटवण्याच्या प्रयोगाबद्दल एकच सांगतो. आपल्या जुन्या घरांत वर कौलं आणि वासे असतात, तिथे तो जमत नाही. स्लॅबच्या घरातही रंगाचा पोपडा निघू शकतो, तेव्हा आधी घरधन्याला विचारा.

गोव्याच्या पावसात पत्ता टिकवायचा कसा?

प्रेक्षकांनी आपणहून मला दिलेले साठएक पत्ते मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवले होते. ऑगस्टमध्ये डबा उघडला तर कुबट वास आला. पत्ते एकमेकांना चिकटलेले, वर बुरशीची पांढरी लव. सोडवायला गेलो तर अक्षरांसकट पापुद्रे निघाले. त्यातलं एक नाव माझ्या वर्गमित्राचं होतं. तो आता हयात नाही, आणि तो पत्ता मला परत मिळणार नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पत्ता म्हणजे शेवटी कागदच. वरच्या लेपामुळे थेंब टिकत नाही, पण कापलेल्या कडांतून ओल आत शिरते.

म्हणून प्रत्येक पत्ता वेगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. मोठ्या आकाराचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, त्याला बेताची पाकिटं मिळतात. पीव्हीसीचे जुने अल्बम टाळा, ते कालांतराने चिकट होतात. गरम लॅमिनेशन तर करूच नका, ते पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपने पिवळे डाग पडतात. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते ओल प्यायले असं समजा आणि पुडी बदला. पावसाळ्यात दर महिन्याला डबा उघडून बघा. माळ्यावर ठेवायचं नाही, बाहेरच्या भिंतीला टेकून असलेल्या कपाटातही नाही.

फ्रेम लावायची तर आतल्या भिंतीवर, खिडकीपासून दूर. मार्करची शाई उन्हाने फिकी पडते. लावण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मात्र मुलांची नावं असलेले फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

जुना सहीचा पत्ता पुन्हा कॅटमध्ये घालू नये, एवढं मात्र लक्षात ठेवा. पुढच्या चवथीला आजींनी आरत्यांची वही उघडली आणि तिर्री माझ्यापुढे धरली, "ह्याच पानान परत करून दाखय." पत्ता थोडा पिवळट झाला होता, वहीच्या घडीमुळे मधोमध वाकलाही होता. नव्या कॅटमध्ये तो डोळे मिटूनही ओळखू आला असता. मी तो परत वहीत ठेवायला सांगितलं, नवा कॅट पिसला आणि मार्कर त्यांच्या नातवाच्या हातात दिला.