खाडीतील कयाक मासेमारी: रॉड, रील आणि सोबतचे साहित्य कसे निवडावे

किनाऱ्यावरून, जेटीवरून किंवा मोठ्या होडीतून गळ टाकणारा माणूस पाय रोवून उभा राहतो. कयाकवरचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवरचा, माणूस मात्र पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर, पाय पुढे पसरून बसलेला असतो आणि वारा, पाण्याची ओढ व गळाला लागलेला मासा हे तिघे मिळून त्याची होडी सरकवत असतात. कयाकसाठी घ्यायच्या प्रत्येक वस्तूची पारख या दोन गोष्टींवर करावी: ती बसल्या जागेवरून वापरता येते का, आणि होडी हलत असताना ती उपयोगी पडते का. येथे दिलेली मापे कोकण आणि गोव्यातील खाड्यांसाठी, म्हणजे दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल, शापोरा, मांडवी यांसारख्या पाण्यासाठी आहेत; आणि समोर धरलेले मासे म्हणजे जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, आणि तांबोशी. खुल्या समुद्रात सुरमईच्या मागे जाणाऱ्याला वेगळे आणि अधिक ताकदीचे साहित्य लागेल.

रॉडच्या लांबीपासून सुरुवात करावी. साडेसहा ते सात फुटांचा रॉड खाडीसाठी योग्य ठरतो. त्याहून आखूड रॉड कांदळवनाच्या फांद्यांखाली ल्युअर, म्हणजे खोटे आमिष, फेकायला सोयीचा वाटतो. परंतु लागलेला मासा कयाकच्या नाकाखालून पलीकडे गेला, की रॉडचे टोक होडीच्या पुढे नेऊन लाइन दुसऱ्या बाजूला वळवावी लागते आणि तेथे सहा फूटही अपुरे पडतात. लाइन होडीच्या तळाला घासली तर ती तुटलीच असे समजावे. उलट साडेसात-आठ फुटांचा रॉड फेक लांब देतो, पण शेवटच्या क्षणी मासा हाताशी आणताना त्याचे टोक इतके दूर राहते की माशापर्यंत हात पोहोचत नाही, आणि तो पोहोचवण्यासाठी मागे रेलणे हे कयाक उलटण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

मुठीमागच्या दांड्याकडे दुकानात फारसे कोणी पाहत नाही, पण कयाकसाठी तो लांबीइतकाच महत्त्वाचा आहे. लाइफ जॅकेट घालून खुर्चीवर बसावे, रॉड दोन्ही हातांनी धरून फेकण्याची कृती करावी आणि दांडा जॅकेटच्या खिशांत, पट्ट्यांत किंवा मांडीवर अडकतो का ते पाहावे. अडकत असेल तर तो रॉड कितीही चांगला असला तरी घेऊ नये. ताकदीच्या बाबतीत १० ते २० पौंड ताण सोसणाऱ्या लाइनसाठी बनवलेला, साधारण ७ ते २८ ग्रॅमचे ल्युअर फेकणारा मीडियम-हेवी रॉड जिताडा आणि तांबोशी या दोघांनाही पुरतो. लाइनच्या कड्यांची चौकट गंज न धरणारी असावी आणि आतली सिरॅमिक रिंग प्रत्येक फेरीनंतर कापसाचा बोळा फिरवून तपासावी. कापसाचा धागा अडकला तर तेथे चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेली, लाइन कापते.

रीलबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिले रील स्पिनिंगचेच, म्हणजे फेकताना ज्याचे चाक स्थिर राहते असे, घ्यावे. बेटकास्टर रील, ज्याचे चाक फेकताना फिरते, ते खारफुटीच्या मुळांशी अचूक फेक करण्यात सरस असते, यात वाद नाही. पण खाली बसून, समोरून खारा वारा येत असताना, हलके ल्युअर फेकले की त्यात लाइनचा गुंता होतो आणि तो सोडवेपर्यंत होडी पन्नास फूट वाहून गेलेली असते. स्पिनिंग रील ३००० किंवा ४००० आकाराचे असावे. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून आकड्यापेक्षा दीडशे मीटर लाइन मावते का आणि रॉडवर बसवल्यावर तोल मुठीजवळ येतो का हे पाहावे. गिअरचे प्रमाण सहास एकच्या आसपास असले तर बरे, कारण ओहोटीच्या पाण्याबरोबर कयाक अनेकदा ल्युअरच्याच दिशेने सरकत असते आणि सैल झालेली लाइन भरभर गोळा करावी लागते. कयाकवरचे रील मांडीवरच्या पाण्याने, वल्ह्याच्या थेंबांनी आणि लाटेने सतत भिजते. त्यामुळे पैसे घालायचे असतील तर जास्त बेअरिंगांपेक्षा पाणी आत न जाऊ देणाऱ्या सीलवर घालावेत.

मुख्य लाइन म्हणून तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, वापरता येते. पण ती ताणली जाते, आणि तांबोशीने आमिष घेतल्यापासून मुळांत शिरेपर्यंतच्या क्षणभरात हा ताण महागात पडतो. म्हणून पीई (ब्रेडेड लाइनच्या जाडीचे माप) दीड ते दोन क्रमांकाची, साधारण २० ते ३० पौंडांची ब्रेडेड लाइन घ्यावी आणि तिच्या पुढे दीड-दोन मीटर फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळचा मजबूत तुकडा, जोडावा. लीडर ३० ते ४० पौंडांचा हवा, कारण जिताड्याचे तोंड कानशीसारखे खरखरीत असते, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीइतकी धारदार असते, आणि तांबोशीला तर सुळेच असतात. दोन्ही लाइन जोडायला एफजी गाठ सर्वांत सडपातळ आणि भक्कम. ती घरी बांधून आणावी. हलत्या कयाकवर लीडर तुटलाच तर दुहेरी युनी गाठ पुरेशी आहे.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, किती ठेवावा, हा प्रश्न कयाकवर वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. मोकळ्या पाण्यात मासा होडीलाच ओढत नेतो आणि त्या ओढण्यात दमतो, म्हणजे कयाक स्वतःच ड्रॅगचे काम करते. तेथे दोन किलोचा ड्रॅगही पुरतो. कांदळवनाच्या कडेला मात्र हेच उलटते. तुम्ही ड्रॅग आवळून मासा थांबवू पाहता आणि मासा थांबण्याऐवजी तुमचीच होडी मुळांकडे खेचली जाते. अशा वेळी ड्रॅग आणखी आवळण्याचा उपयोग नसतो. फेकण्याआधीच कयाकचे नाक झाडांपासून बाहेरच्या दिशेला वळवून ठेवावे, आणि मासा लागताच एका हाताने रॉड धरून दुसऱ्या हाताने वल्ह्याने पाणी मागे लोटत दोन-तीन जोरदार फटके मारावेत किंवा पायडल असल्यास पाय चालवावेत. सुरुवातीचा ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे २० पौंडांच्या लाइनला सुमारे सव्वादोन किलो, हुकाच्या वजनकाट्याने मोजून लावावा. अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुधा जास्तच असतो, आणि आडव्या बाजूने तीन-चार किलोचा ओढा आला तर अरुंद कयाक कलते.

ल्युअर थोडेच न्यावेत. तीन ते पाच इंचांचे मऊ प्लास्टिकचे मासे, ७ ते १४ ग्रॅमचे जिगहेड (वजनदार डोक्याचे गळ), आणि एक-दोन मीटर खोल जाणारे ९ ते ११ सेंटिमीटरचे दोन-तीन कडक ल्युअर एवढ्यावर हंगाम निघतो. कडक ल्युअरचे तिहेरी गळ काढून एकेरी गळ बसवावेत आणि गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करावेत. उड्या मारणारा जिताडा मांडीवर आला की या सल्ल्याचे मोल कळते.

रॉड ठेवण्याच्या खोबणी बहुतेक कयाकना खुर्चीच्या मागे असतात. तेथे उभे ठेवलेले रॉड फांद्यांत अडकतात, म्हणून पुलाखालून किंवा झाडांखालून जाताना ते आडवे करावेत. वल्हवत वल्हवत ल्युअर ओढायचा असेल तर एक होल्डर पुढे, नजरेसमोर आणि वल्ह्याच्या फेऱ्याबाहेर बसवावा. दोनपेक्षा जास्त रॉड नेऊ नयेत. प्रत्येक रॉड आणि वल्हे यांना दोरी बांधलेली असावी, परंतु लाटा फुटत असलेल्या ठिकाणी उतरताना-चढताना या लांब दोऱ्या सोडून सामान घट्ट बांधावे, कारण उलटलेल्या होडीखाली दोऱ्यांत पाय गुंततो.

नांगराविषयी विशेष काळजी घ्यावी. खाडीत दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण तो होडीच्या मधोमध, बाजूला कधीही बांधू नये. ओहोटीचे पाणी जोरात असताना बाजूला बांधलेला नांगर कयाकला आडवे धरतो, पाणी एका कडेवर चढते आणि होडी काही सेकंदांत उलटते. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, गोव्यात ती साधारण दोन-सव्वादोन मीटर असते. पण खाडीच्या अरुंद तोंडाशी तेवढ्या फरकानेही ओढ तीव्र होते, आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत जेथे निवांत बसता आले तेथे उधाणाला बसता येईलच असे नाही. यासाठी कयाकच्या एका कडेला दोन कप्प्यांवरून (पुलींवरून) फिरणारी दोरी बसवावी, तिच्यातील कडीतून नांगराची दोरी ओवावी, आणि ती कडी नाकाकडे किंवा शेपटीकडे सरकवून मगच थांबावे. नांगराच्या दोरीला तरंगणारा बोया असावा, म्हणजे मोठा मासा लागल्यावर किंवा संकट आल्यावर दोरी एका झटक्यात सोडून देता येते आणि नंतर परत येऊन उचलता येते. शेजारी सुरी हवीच, आणि ती डब्यात ठेवलेली नव्हे, तर जॅकेटवर लावलेली.

मासा उचलायला आखूड दांड्याचे, रबरी जाळीचे छोटे जाळे आणि ओठ धरायची पकड घ्यावी. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून सर्वांत मोठे मासे म्हणजे पुढची पिल्ले देणाऱ्या माद्या असतात. त्यांना पाण्यातच धरून गळ काढावा आणि सोडून द्यावे, असे मला मनापासून वाटते. खाण्यापुरता ठेवलेला मासा बर्फ घातलेल्या पिशवीत होडीवर ठेवावा. तो दोरीत ओवून पाण्यात लोंबकळत ठेवण्याची रीत आपल्या खाड्यांत टाळावी, कारण वाशिष्ठी नदीत आणि गोव्यातील कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत.

मासा शोधणारे सोनार यंत्र उपयोगी असले तरी पहिल्या हंगामात त्याची गरज नाही. भरतीचे वेळापत्रक, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, शिट्टी, टोपी आणि हातभर कापड यांची गरज आहे. लाइफ जॅकेट पाठीकडे पातळ आणि वर चढवलेले असावे, म्हणजे उंच पाठीच्या खुर्चीवर ते मानेत टोचत नाही. जे टोचते ते माणूस काढून ठेवतो. दुपारनंतर खारे वारे वाढतात, म्हणून मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्याच्या शांत पहाटे निघून ते वाढण्याआधी परतता येईल एवढेच अंतर जावे. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले तर कार्बनचे रॉड आडवे ठेवून ताबडतोब किनारा गाठावा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. कयाक यांत्रिक नसली तरी पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यात तिने जाऊ नये.

घरी आल्यावर ड्रॅगची कळ आवळून रीलवर गोड्या पाण्याची बारीक धार सोडावी. जोराच्या फवाऱ्याने मीठ आतच ढकलले जाते. वाळल्यावर कळ सैल करून ठेवावी, म्हणजे ड्रॅगच्या चकत्या दाबून चिकटत नाहीत. लीडरचा पुढचा हातभर भाग बोटांतून ओढून पाहावा आणि खरखरीत लागला तर तेवढा कापून टाकावा.

हे सर्व साहित्य जमल्यावर पहिल्या फेरीआधी एक दिवस कमरेएवढ्या शांत पाण्यात काढावा. सोबत कोणालातरी घ्यावे, जॅकेट घालावे, गळ आणि ल्युअर घरी ठेवावेत, बाकी सगळे बांधून कयाक मुद्दाम उलटी करावी आणि पुन्हा वर चढून पाहावे. जे तरंगत दूर गेले त्याला दोरी हवी, जे बुडाले त्याला बोया हवा, आणि वर चढताना जे पोटात रुतले त्याची जागा बदलायला हवी.