पाकिटावरच्या दोन संख्या आणि त्यांचे मूळ अवयव

साताऱ्याहून सांगलीला आलेल्या टपालाच्या पाकिटावर सहा अंकी दोन संख्या असतात: पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ४१५००१ आणि घेणाऱ्याच्या पत्त्यात ४१६४१६. मोठ्या संख्येचे मूळ अवयव कसे पाडावेत हे शिकायला यापेक्षा चांगली जोडी मला सापडलेली नाही. मात्र भागाकाराला हात घालण्याआधी संख्या नीट न्याहाळावी.

सांगलीच्या संख्येत ४१६ हा गट लागोपाठ दोनदा आला आहे, म्हणून ती ४१६ × १००१ आहे. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. ४१६ ला २ ने पाच वेळा भाग जाऊन १३ उरतात. म्हणजे २ चा घातांक ५, १३ चा २ आणि ७ व ११ यांचा १. प्रत्येक घातांकात १ मिळवून ६ × २ × २ × ३ असा गुणाकार केला की विभाजक ७२ आहेत हे कळते. शिवाय अंकांची बेरीज २२ असून २२ ने संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे सुंदर नाव दिले.

साताऱ्याची संख्या इतक्या सहजी दाद देत नाही. ती विषम आहे, शेवटी ५ नाही आणि अंकांची बेरीज ११ असल्याने ३ ने भाग जात नाही. ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच घेता येते: पहिल्या तीन अंकांच्या गटातून शेवटचा गट वजा करावा. ४१५ − १ = ४१४, आणि ४१४ ला या तिघांपैकी कोणीही भागत नाही. वर्गमूळ ६४४ हून किंचित अधिक असल्यामुळे ६४३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे पुरेसे असते. पण क्रमाने गेल्यास १११ मूळ संख्यांपाशी बाकी उरते (८३ पाशी तर केवळ १) आणि ११२ वी मूळ संख्या ६१३ हीच काय ती भागते. त्याआधी थांबणारा ही संख्या मूळ आहे असे समजून बसतो.

येथे सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत वापरावी. वर्गमूळाच्या लगतची मोठी पूर्ण संख्या ६४५. तिच्या शेवटी ५ असल्याने ६४ × ६५ = ४१६० यापुढे २५ लिहिले की ४१६०२५ हा वर्ग तयार होतो. त्यातून ४१५००१ वजा केल्यास १०२४ उरतात, म्हणजे ३२ चा वर्ग. म्हणून अवयव ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२, अर्थात ६१३ आणि ६७७. हे दोन्ही मूळ आहेत याची खात्री २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून करता येते.

दोन अवयव एकमेकांजवळ असले तरच ही रीत इतकी झटपट फळते. बाकी पूर्ण वर्ग नसेल, तर ६४६, ६४७ असे एकेक पाऊल पुढे जावे; आणि बाकीच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ दिसल्यास वर्गमूळ काढण्यात वेळ न घालवता पुढची संख्या घ्यावी.