पटकथा पाठवली, आता किती दिवस थांबायचं?

पटकथा पूर्ण झाली आहे, दोन-तीनदा नव्याने लिहून झाली आहे आणि तुमची भीडभाड न ठेवणाऱ्या कुणीतरी ती वाचली आहे, असं धरून मी पुढचं सांगते. पहिलाच खर्डा पाठवायला निघाला असाल तर थांबा. एकदा नाकारलेली पटकथा तोच निर्माता सहसा पुन्हा उघडत नाही.

मी बेळगावात, शहापूरला राहते. अकरा वर्षं इथूनच मुंबई-पुण्याला पटकथा पाठवते आहे. आमच्याकडच्या नव्या लेखकांना जो तो दोनच सल्ले देतो : मुंबईला जाऊन राहा आणि ओळख काढा. हे ऐकून घर सोडलेली, उधारी करून बसलेली मुलं मी पाहिली आहेत आणि आता मला हे सल्ले ऐकवत नाहीत. पटकथा मेलने जाते आणि पीडीएफ उघडून वाचली जाते. वाचणाऱ्याला तुम्ही मुंबईच्या अंधेरीत राहता की बेळगावच्या अनगोळात, याने फरक पडत नाही. आपलं खरं नुकसान पाठवून झाल्यावर होतं, वाट बघण्यात.

आधीची तयारी

स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेचं सभासद व्हा आणि पटकथा तिथे नोंदवा. सगळं ऑनलाइन होतं. ही नोंदणी म्हणजे अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा, त्याहून जास्त नाही. लेखनावरचा हक्क लिहिल्यापासून तुमचाच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पुढे पटकथा बरीच बदलली तर नवा खर्डा पुन्हा नोंदवा.

'कल्पना चोरतील' या भीतीने पटकथा कपाटात ठेवणाऱ्यांसाठी एक खटला सांगते. आर. जी. आनंद या नाटककाराने आपलं नाटक चित्रपटवाल्यांना ऐकवलं. त्यानंतर तिकडून काही कळवलं गेलं नाही आणि पुढे त्यांचा चित्रपट आला. विषय दोन्हीकडे प्रांतवादाचा. आनंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली हरले. कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नसते, ती कशी मांडली यावर असते, असं न्यायालयाने सांगितलं. 'मराठी मुलगा आणि कन्नड मुलगी' ही बेळगावातल्या प्रत्येक दुसऱ्या लेखकाची कल्पना आहे आणि ती कुणाचीच नाही. तुमची आहेत ती तुमची पात्रं, तुमचे प्रसंग, तुमचे संवाद. म्हणून गोष्ट तोंडी ऐकवत हिंडू नका, लिहिलेलं पाठवा.

फाइल पीडीएफच हवी. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतली असेल तर वर्डची फाइल मुळीच पाठवू नका, समोरच्याकडे तो फाँट नसला की मजकुराचा चिवडा होतो. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजीतल्या कुरिअर फाँटचा, बारा आकाराचा आहे. देवनागरीत तो चालत नाही. घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि लांबी त्यावरून ठरवा.

संवाद आपल्या बोलीत खुशाल ठेवा, पण दृश्याचं वर्णन प्रमाण मराठीत लिहा. मुंबईतल्या वाचणाऱ्याला आपली भाषा कोल्हापुरी वाटते, म्हणून सुरुवातीला दोन ओळीत सांगून टाका की ही बेळगावची माणसं आहेत आणि एकाच वाक्यात कन्नडमधून मराठीत येतात. कन्नड संवाद देवनागरीत लिहून अर्थ लगेच खालच्या ओळीत द्या.

सारांश एका पानाचा, शेवटासकट. 'पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा' असं लिहिलेला सारांश निर्मात्याच्या काही कामाचा नसतो. त्याला पैसे कशात घालायचे ते बघायचं असतं. चित्रपटाचं नाव नोंदवण्यावर खर्च करू नका, ते काम निर्मात्याचं.

कुणाला, कसं

तुमच्या जातकुळीचे चित्रपट ज्यांनी केले आहेत त्यांची श्रेयनामावली बघा आणि निर्मितीसंस्थांची यादी करा. पहिल्या मेलमध्ये चार ओळी आणि एक पानी सारांश एवढंच असू द्या. पटकथा मागितल्यावर पाठवा. मोठ्या संस्था आधी एका संमतिपत्रावर सही मागतात : आमच्याकडे याच्याशी मिळतंजुळतं काम आधीपासून असू शकतं, तुम्ही त्याबद्दल तक्रार करणार नाही, अशा अर्थाचं. तेवढंच असेल तर सही करा. त्यात हक्क देण्याचा एक शब्द जरी असला तर करू नका. एका वेळी पाच ठिकाणी पाठवा. पाचही जणांना पाठवणं हा अपमान नाही, दोन दिवसांत उत्तर कुणीच देत नाही, म्हणून दुसरा मार्गच नसतो.

थांबणं

इथे मी स्वतः फसले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी एक पटकथा खानापूरच्या पुढच्या जंगलपट्टीत घडते. लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचा एक गेटमन आणि त्याची शाळेत जाणारी नात. पुण्यातल्या एका निर्मात्याने ती वाचली, मला बोलावलं, दोन तास बोलला. त्याने पटकथा मनापासून वाचली होती, कुठल्या पानावर काय आहे हे त्याला पाठ होतं. निघताना म्हणाला, "ही आपण करू या. आता दुसऱ्या कुणाला दाखवू नका, दिवाळीनंतर बसू." मी होय म्हटलं आणि रात्रीच्या गाडीने परत आले.

त्यानंतर मी एकोणीस महिने ती पटकथा कुणाला दाखवली नाही. मधल्या काळात कोल्हापूरच्या एका निर्मात्याने ती आपणहून मागितली. मी त्याला सांगितलं की मी एकांना शब्द दिला आहे. दिवाळी गेली, पुढची दिवाळीही गेली. मी दर महिन्याला फोन करत होते आणि दर वेळी "होतंय, होतंय" ऐकत होते. शेवटी त्यांच्या एका सहायकाने कळवलं की साहेब आता मालिकांकडे वळले आहेत. कोल्हापूरला फोन केला तर त्यांनी त्या वर्षीचं काम ठरवून टाकलं होतं.

आपण बाजारपेठेतली माणसं. गणपत गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर उधारी चालत आलेली आहे आणि म्हणून कुणी शब्द मागितला की आपण तो देतो आणि पाळतो. या धंद्यात मात्र शब्द एकाच बाजूने पाळला जातो. पुण्याच्या निर्मात्याने मला लुबाडलं असं मी म्हणत नाही. त्याला पटकथा आवडली होती हे खरंच होतं. पण आवडणं आणि चित्रपट होणं यांच्या मध्ये पैसे लावणारा येतो, नटाच्या तारखा येतात, वाहिनी किंवा ओटीटी येते आणि यातलं एक जरी अडलं तरी सगळं अडतं. तोवर त्याला तुमची पटकथा हाताशी हवी असते. फुकट मिळते आहे तर तो का नाही घेणार?

म्हणून 'दुसऱ्या कुणाला दाखवू नका' हे वाक्य ऐकलं की त्याच दिवशी मेल करा. मी असं लिहिते :

"आपल्याला पटकथा आवडली याचा आनंद झाला. आपण ती इतर कुणाला न दाखवण्याबद्दल सुचवलंत. त्यासाठी मुदत आणि मानधन ठरवून लेखी करार करायला मी तयार आहे. करार होईपर्यंत पटकथा इतरांकडे वाचनासाठी जात राहील."

हा मेल पाठवताना पहिल्यांदा माझे हात थरथरत होते. माणूस दुखावेल, दार बंद होईल असं वाटत होतं. एक जण खरोखरच दुखावला. ज्यांना पटकथा हवी होती त्यांनी करार पाठवले. ज्याचं दार या चार ओळींनी बंद होतं, त्याच्याकडे तुम्ही एकोणीस महिने फुकट बसला असता.

या कराराला धंद्यात ऑप्शन म्हणतात. त्यात पाच गोष्टी बघा. मुदत किती, सहा महिने ते वर्ष हे मला रास्त वाटतं. रक्कम किती, आणि ती सहीच्या वेळी मिळणार ना. मुदत वाढवायची तर पुन्हा पैसे द्यावे लागतील असं लिहिलं आहे का. चित्रपट ठरला तर पूर्ण मानधन किती. आणि मुदत संपली की हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतील, कुणाची परवानगी मागावी लागणार नाही, हे स्पष्ट आहे का. शेवटची ओळ नसेल तर सही करू नका.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे, फक्त तो ठाऊक हवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि तुमच्या सहीचा असल्याशिवाय ग्राह्य नाही. म्हणजे पुण्याच्या त्या खोलीत मी होय म्हटलं तरी त्याला काहीच मिळालं नव्हतं. मी स्वतःलाच बांधून घेतलं होतं. त्याच कलमात आहे की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलं नसल्यास ते संपुष्टात येतात. हे 'वेगळं काही' करारात हमखास असतं. एका वर्षाची ही तरतूद म्हणजे पोटकलम १९ (४), आणि '१९ (४) लागू होणार नाही' अशी एक ओळ कुठेतरी मागच्या पानांवर बसवलेली असते. ती शोधा आणि काढायला सांगा. नाहीच काढली तर निदान तिथे वर्षांचा आकडा घालून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाला मिळणारी रॉयल्टी सोडून देण्याची अटही टिकत नाही, तेव्हा तशी ओळ दिसली तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. इंग्रजी करार समजत नसेल तर बेळगावात वकिलांची कमी नाही.

आता नुसती शांतता असेल तेव्हाचं. मी वही ठेवते : कुणाला, कुठला खर्डा, कुठल्या तारखेला, काय उत्तर. पाठवल्यापासून सहा आठवडे काही करायचं नाही. मग दोन ओळींचा मेल. महिन्याने दुसरा. आणखी महिन्याने तिसरा, 'आपल्याला सध्या शक्य नसावं असं समजते, पुढच्या कामाच्या वेळी कळवीन' असा. तिसऱ्यालाही उत्तर नाही म्हणजे नकार, वहीत रेघ मारा. चिडून चौथा लिहू नका. तिथला वाचणारा माणूस उद्या दुसऱ्या संस्थेत मोठ्या जागेवर असेल आणि त्याला नाव लक्षात राहतं.

व्हॉट्सॲपवर पाठपुरावा करू नका. निळ्या खुणा बघत रात्र काढायची, आणि वर पुढे दाखवायला धड कागदही राहत नाही. फोनवर बोलणं झालंच तर त्याच संध्याकाळी 'आज आपलं असं ठरलं' असा मेल टाका. 'मुंबईत आलात की भेटा' या निमंत्रणावर गाडीत बसू नका. दिवस आणि वेळ मेलवर ठरल्याशिवाय मी निघत नाही आणि तेव्हाही दोन-तीन भेटी एकत्र जुळवते. नुसतं 'ऑफिसला जाऊन बसणं' हा जुना सल्ला आहे, त्यातून दुपार जाते आणि भेटतो तो फक्त स्वागतकक्षातला मुलगा.

'थोडे बदल करून द्या, मग बघू' असं म्हटलं तर एकदा ऐका. सूचना पटली तर स्वतःसाठी बदला. दुसऱ्यांदा बदल हवे असतील तर ते पैसे घेऊन.

वाट बघायची तर नोव्हेंबरात गोव्याकडेही बघा. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी तिथे एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बझार भरतो, २००७ पासून; आता त्याला वेव्हज फिल्म बझार म्हणतात. निर्माते आणि लेखक-दिग्दर्शक यांना भेटवणारा हा बाजार. त्यांच्या पटकथा-कार्यशाळेसाठी अर्ज कित्येक महिने आधी भरावा लागतो, निवड होणं कठीण असतं, पण चोर्ला घाट उतरलं की पणजी, आणि देशभरचे निर्माते तिथे एका आवारात असतात. मुंबईच्या चार फेऱ्यांपेक्षा मला तो एक आठवडा जास्त उपयोगी पडला आहे.

गेटमनची पटकथा आता तिसऱ्या निर्मात्याकडे आहे, नऊ महिन्यांच्या करारावर. रक्कम लहान आहे, पण ती सहीच्या दिवशी खात्यात आली. मुदत संपते ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केली आहे आणि दुसऱ्या दिवशी ज्या दोघांना मेल करायचे त्यांची नावं त्याच चौकोनात लिहून ठेवली आहेत.