जीडीपी वाढला, मग उत्पन्न कुठे गेलं? व्यापार शर्तींचा हिशोब करायची रीत

एम.ए.च्या वर्गात हा हिशोब मी ऑस्ट्रेलियापासून सुरू करते. २०११ च्या सुरुवातीला लोहखनिजाचा भाव टनाला १८० डॉलरच्या आसपास होता. २०१५ च्या डिसेंबरात तो ४० च्या खाली गेला. या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या खाणींतून जास्तच खनिज बाहेर पडत होतं, म्हणून स्थिर किमतींचा, म्हणजे भावांतले बदल वगळून मोजलेला, जीडीपी वाढत राहिला. मात्र एक टन विकून परदेशातून पूर्वीइतका माल आणता येईना.

हे आकड्यांत पकडायचं तर आधी निर्यातीच्या किंमत निर्देशांकाला आयातीच्या निर्देशांकाने भागा आणि १०० ने गुणा. झाल्या व्यापार शर्ती, म्हणजे निर्यातीच्या बदल्यात किती आयात मिळते याचं माप. आता समजा, जीडीपी १००० आहे, निर्यात २०० आणि आयातही २००. निर्यातीचे भाव २० टक्क्यांनी पडले, बाकी काही बदललं नाही. नग तेवढेच गेले, पण हातात १६० आले. आयातीच्या किमतींनी मोजलं तर तोटा ४० चा. जीडीपी १००० च राहतो, वास्तव देशांतर्गत उत्पन्न, म्हणजे त्या उत्पादनाची खरेदीशक्ती, मात्र ९६०. घाईत असाल तर शर्तींतला टक्केवारी बदल गुणिले निर्यातीचा जीडीपीतला वाटा, एवढं पुरतं: २० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे ४ टक्के.

विद्यार्थी इथेच वही मिटतात, म्हणून पुढचं आग्रहाने सांगते. परदेशी जाणारे नफे-व्याज वजा करा आणि तिकडून येणारे मिळवा, तेव्हा कुठे राष्ट्रीय उत्पन्न मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या खाण कंपन्यांत परदेशी भागधारक मोठ्या संख्येने आहेत; पडलेल्या भावाचा काही तोटा त्यांच्या माथी गेला.

भारताचा हिशोब करताना नुसतं कच्चं तेल पाहू नका. ते स्वस्त झालं की जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निर्यात होणारं डिझेलही स्वस्त होतं, म्हणून आयात-निर्यातीचे दोन्ही निर्देशांक घ्या. २०१४ च्या जूनमध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली आलं आणि देशाला मोठा लाभ झाला. तो कोणाकडे गेला हे मात्र वरच्या सूत्रातून कळत नाही, त्यासाठी करांचे तक्ते उघडावे लागतात: नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, म्हणजे लाभाचा काही भाग सरकारकडे गेला. माझ्या मते, हा तक्ता जोडल्याशिवाय उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण देऊच नयेत.