जनावर वाचवायला निघालात? या चुका टाळा

"भाऊ, फाट्यावर कुत्र्याची चार पिल्लं सापडली. घेऊन येतो तुमच्याकडं." पावसाळा सरला की असे फोन सुरू होतात. मी एकच विचारतो, माय कुठं आहे? पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "माय-बीय काई दिसली नाई जी. मी तं निघालो बी."

माय पोटासाठी फिरत असते. ढाब्यामागं, मटणाच्या टपरीमागं दोन-दोन तास जातात तिचे. परत आल्यावर पिल्लांभोवती माणसांचं कोंडाळं दिसलं तर ती जवळ येत नाही, आणि आपण म्हणतो पिल्लं अनाथ आहेत. लांब जाऊन बसा, वाट पाहा. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत तिच्याजवळच हवीत. माझी सवय अशी, की मायलाच रोज भाकरी घालायची आणि पिल्लांवर पोत्याचा आडोसा करायचा. ती हे काम फुकट करते आणि आपल्यापेक्षा चांगलं करते.

ती खरंच मेली असेल तर उचला, पण उचलल्या-उचलल्या दूध पाजू नका. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून ऊब द्या. दूधही गायीचं नको, हगवण लागते. पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर येते, तालुक्याला नसेल तर अमरावती-नागपूरहून मागवा. आणि पालथं ठेवूनच पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. ती दर उन्हाळ्यात कुणीतरी नव्यानं करताना दिसते.

हनुमान जयंतीचा भंडारा होता. बस थांब्याच्या लिंबाखाली आठ दिवसांपासून एक म्हातारा बैल उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत. कुणी सोडला ते गावाला माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. त्या माणसाला मी शिव्या घालणार नाही. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल कत्तलीला विकता येत नाही, काम होईना झालेल्या बैलाला बाजारात कुणी विचारत नाही, आणि चैत्रात कुटाराचे, म्हणजे भुशाचे, भाव ऐकून धडधाकट जोडीवाल्यालाही घाम फुटतो. पंगती उठल्या. कढईत भात उरला, पोळ्यांची थप्पी उरली. आम्ही पाच-सहा जण दोन टोपली भरून निघालो. पुण्याचं काम म्हणून कुणीतरी वर बुंदीही टाकली. पुढची टोपली माझ्या हातात होती. बैलानं मान वर न करता सगळं संपवलं. आमचे फोटो काढून झाले.

रात्री त्याची डावी कूस फुगली. पहाटे तो बसला तो उठलाच नाही. पातळ, आंबूस वासाची हगवण, डोळे खोल गेलेले. गुरांचे डॉक्टर दुपारी आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय चारलं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हात धुवायला पाणी मागितलं.

त्याला भुकेनं मारलं नाही, आम्ही मारलं. गुराच्या कोटीपोटात चारा कुजवून पचवणारे जिवाणू असतात आणि ते कोरड्या वैरणीला सरावलेले असतात. अचानक भात, पोळी, गहू, ज्वारीचं पीठ असं पिठूळ खाणं पडलं की आम्ल तयार करणारे जिवाणू माजतात. पोट आंबतं, त्याची हालचाल थांबते, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. चांगलं पोसलेलं जनावरही यानं जातं, उपाशी तर जातंच.

म्हणून उपाशी गुरापुढं मी पहिल्या दिवशी पाणी आणि कडब्याची कुट्टी किंवा कुटार, एवढंच ठेवतो. पाणीही थोडं थोडं. ढेप, म्हणजे पेंड, चार-पाच दिवसांनी, तीही मूठभर, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत. लोक म्हणतात, "एवढं उपाशी अन् तुम्ही कुटार टाकता, काय कंजूष माणूस!" म्हणू द्या. जनावर खाली बसलं असेल तर कुशीवर पसरू देऊ नका. कुटार भरलेली पोती दोन्ही बाजूंना लावून छातीवर बसतं ठेवा आणि दर काही तासांनी कूस बदला. डॉक्टरसाठी 1962 वर फोन करा, फिरतं पथक येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून फोन आधी करा आणि हळहळ नंतर.

कुत्र्यालाही हेच लागू आहे. हाडाचा सापळा झालेल्या कुत्र्यापुढं किलोभर मटण टाकणारे दानशूर मला आवडत नाहीत. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.

जखमेत आसाड्या, म्हणजे अळ्या, पडल्या की पेट्रोल किंवा रॉकेल ओतायचं, हा गावोगावचा इलाज आहे. मांस भाजतं, जनावर पुन्हा हात लावू देत नाही. मांजराला तर फिनाईलसुद्धा नको, अंग चाटलं की विष पोटात जातं. मांजराला ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामोलची गोळी देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते.

विहिरीत पडलेल्या कुत्र्यासाठी उडी मारू नका. चार दोर बांधून बाज सोडा, ते आपसूक चढतं.

फवारणीच्या दिवसांत शेतातलं कुत्रं किंवा बकरी लाळ गाळत थरथरत असेल तर दूध-तूप पाजत बसू नका. ड्रमातलं औषधी पाणी प्यालेलं असू शकतं. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, जनावराचं वजन तर आपल्यापेक्षा कमी. औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

पण लाळेची एक वेगळी गोष्ट आहे, ती नीट वाचा. गाय किंवा कुत्रं लाळ गाळतंय, गिळता येत नाही, आवाज बसलाय. बघणारा म्हणतो, घशात हाड अडकलं, नाहीतर आंब्याची कोय. आणि हात घालतो. तो रेबीज असू शकतो, आणि लाळेतच विषाणू असतो. मी या भानगडीत पडण्याआधी तीन इंजेक्शनांचा आगाऊ कोर्स घेतला. ज्यानं घेतला नाही त्याला मी हातात दोरीसुद्धा देत नाही, मग तो कितीही प्राणीप्रेमी असो. चावलं, ओरबाडलं, की साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. मग सरळ ग्रामीण रुग्णालय. आधी कोर्स झालेला असला तरी जायचंच.

तूर-पऱ्हाटीत वेचणीच्या वेळी सापडलेली रानमांजराची पिल्लं घरी आणू नका. माय रात्री येऊन नेते. रानातलं जनावर पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वन विभागाचा नंबर 1926.

नवं पिल्लू पहिल्याच दिवशी जुन्या पिल्लांत सोडू नका. पार्वो हा पिल्लांना रक्ताची हगवण लावून मारणारा विषाणू. त्याची लागण बाहेरून दिसायला आठवडा जातो, तोवर सगळी बाधित होतात. चौदा दिवस वेगळी जागा, वेगळं भांडं, वेगळी चप्पल. फिनाईलनं पार्वो मरत नाही, ब्लीच लागतं. मातीच्या अंगणात तर तो कित्येक महिने टिकतो.

आणि शेवटी ज्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते. पहिल्या "हो" म्हणणाऱ्याला पिल्लू देऊन टाकणं.

आमच्याकडं कुत्रं मागायला येणाऱ्यांत निम्मे जागलीवाले, म्हणजे रात्री शेत राखणारे. "भाऊ, रानडुकरं लय मातले. जागलीले एक कुत्रं पाह्यजे होतं." माणूस बरा, शेत चांगलं, झोपडी आहे. मी एक तांबडं, तगडं कुत्रं दिलं. मोठ्या आनंदानं. फाल्गुनात सहज त्या बाजूनं गेलो. हरभरा निघून गेलेला, शेत उघडं, झोपडीत कुणी नाही. माणूस घरी, बैल घरी, कुत्रं तिथंच. गळ्यात बाइंडिंगची तार, तार मांसात रुतलेली, पुढं पालथं पडलेलं डबडं. "सोडलं असतं तं पळालं असतं ना जी," तो म्हणाला. त्याला खरंच काही चूक वाटत नव्हती. रब्बी संपली, काम संपलं.

तार कापायला पाऊण तास लागला. तेव्हापासून मी कुणाला कुत्रं माझ्या दारात देत नाही, मीच पोचवायला जातो. बांधणार कुठं ते बघतो. शेताभोवती डुकरांसाठी थेट लाइन सोडलेली तार तर नाही ना, ते विचारतो. हरभरा निघाल्यावर कुत्रं कुठं राहणार, लग्नसराईत घर बंद असेल तेव्हा भाकर कोण टाकणार, हेही. मादी असेल तर ऑपरेशनला मी स्वतः नेतो, नाहीतर वर्षभरात तिची पिल्लं पोत्यात भरून फाट्यावर येतात आणि मला पुन्हा फोन. पंधरा दिवसांनी न सांगता चक्कर मारतो, आणि फाल्गुनात एक. व्हॉट्सॲपवर रडका फोटो टाकून तासाभरात "घर मिळालं" म्हणणाऱ्या पोरांना हे सगळं जड जातं.

गेल्या महिन्यात एकजण वैतागून म्हणाला, "कुत्रं देता का पोरगी?" त्याची बायको दारातून म्हणाली, "गावाले गेलो तं शेजारची मावशी टाकते भाकर. आमच्या कोंबड्यायलेबी तेच पाह्यते."

पिल्लू त्या घरी दिलं.